हिरड्यातील गॅलिक आम्ल एचपीएलसीवर मोजताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

हिरड्याचा अर्क एचपीएलसीत (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) सोडला की काही मिनिटांत पडद्यावर पीक (एकेका घटकाचे शिखर) उमटू लागतात, सॉफ्टवेअर त्यांचे क्षेत्रफळ काढते आणि शेवटी एक आकडा हाती येतो. अडचण अशी की आकडा नेहमीच येतो. अर्क उकळून काढला असला, फिल्टरने अर्धा ऐवज गिळला असला किंवा स्टँडर्डच्या (तुलनेसाठी घेतलेल्या, शुद्धता माहीत असलेल्या पदार्थाच्या) बाटलीवरील लेबल नीट वाचले नसले तरीही तो येतो, आणि दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थानांसह तितक्याच दिमाखात येतो. यंत्र चालवायला एक-दोन आठवड्यांत जमते. नमुना यंत्रापर्यंत पोहोचेतो त्याचे काय होते याकडे लक्ष देण्याची सवय लागायला मात्र बराच वेळ जातो, आणि हा लेख प्रामुख्याने त्या भागाविषयी आहे.

उदाहरणासाठी हिरडा घेतला आहे, कारण या एका फळात जवळपास सगळे सापळे एकत्र भेटतात. बेहडा आणि आवळा यांनाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात. पिंपळी किंवा मिरी यांतील पायपरीन (त्यांना तिखटपणा देणारे द्रव्य) मोजायचे असेल तर काम पुष्कळ सोपे आहे. ज्यांनी कॉलमला (यंत्रातील घटक वेगळे करणाऱ्या नळीला) कधी हात लावलेला नाही त्यांनी आधी पायपरीनवर हात बसवावा, असे माझे मत आहे. मात्र पायपरीन उजेडात टिकत नाही, म्हणून त्याची द्रावणे तपकिरी काचेतच ठेवावीत.

सुरुवातीपूर्वी हाताशी काय असावे

कागदपत्रे: नमुन्याची नोंद (कोठून, केव्हा आणि कोणत्या अवस्थेतील फळ), वनस्पतीची ओळख पटवल्याचा दाखला, स्टँडर्डचे विश्लेषण प्रमाणपत्र, द्रावकांची सुरक्षा-माहितीपत्रके, तराजू आणि पिपेट यांच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी.

उपकरणे: शक्यतो डायोड-अ‍ॅरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर शोषण मोजणारा) असलेले एचपीएलसी, २५० × ४.६ मिलिमीटरचा ५ मायक्रोमीटर कणांचा सी-१८ कॉलम, त्याच जातीचा गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी बसवायचा छोटा संरक्षक कॉलम), ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू, सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी नमुना ढवळणारे पाण्याचे भांडे), सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून चोथा खाली बसवणारे यंत्र), अ वर्गाचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आणि पिपेट, चाळण्या.

द्रावके: एचपीएलसी दर्जाचे अ‍ॅसिटोनायट्राइल आणि मेथॅनॉल, अतिशुद्ध पाणी, फॉर्मिक किंवा ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल. अ‍ॅसिटोनायट्राइल विषारी व ज्वलनशील आहे, म्हणून ते फ्यूम हूडमध्येच ओतावे आणि वाया गेलेले द्रावण सिंकमध्ये न टाकता वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवावे.

१. नेमके काय मोजायचे ते आधी ठरवा

हिरड्यात गॅलिक आम्ल दोन रूपांत असते. थोडे मोकळे असते; उरलेले चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल यांसारख्या जलापघटनशील (पाण्याने फुटणाऱ्या) टॅनिनांत, म्हणजे तुरट द्रव्यांत, एस्टर बंधांनी अडकलेले असते. पाणी आणि उष्णता मिळाली की हे बंध तुटतात व मोकळ्या गॅलिक आम्लाचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे एकाच पिशवीतील चूर्णाचा थंड अर्क आणि तासभर उकळलेला काढा यांत गॅलिक आम्लाचे आकडे वेगळे येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीनपैकी एक पर्याय लिहून ठेवावा: मुक्त गॅलिक आम्ल, जलापघटनानंतरचे एकूण गॅलिक आम्ल, किंवा विशिष्ट रीतीने केलेल्या काढ्यातील गॅलिक आम्ल. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा वाद बहुधा यंत्रावरून सुरू होतो आणि अर्क काढण्याच्या तापमानापाशी येऊन संपतो. शिवाय जुन्या, दमट जागी ठेवलेल्या हिरड्यात टॅनिने आपोआप फुटूनही मुक्त गॅलिक आम्ल वाढू शकते, हे विसरू नये. वाढलेला आकडा म्हणजे चांगला माल असे समीकरण येथे चालत नाही. मालाचा कस पाहायचा असेल तर चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्लेही सोबत मोजणे मला अधिक योग्य वाटते.

२. नमुना घ्या, वाळवा, दळा

बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांची घटकरचना सारखी नसते, म्हणून फळाची अवस्था नोंदवल्याशिवाय नमुना स्वीकारू नये. औषधात पक्व फळाचे दळ, म्हणजे आठळी काढून उरलेला भाग, वापरतात. आठळीत टॅनिने पुष्कळ कमी असतात. ती दळली गेली तर आकडा खाली येतो, आणि तुकडे किती राहिले यावर तो दर वेळी वेगळा येतो.

पिशवीच्या तोंडाशी असलेली चार फळे उचलणे म्हणजे नमुना घेणे नव्हे. सगळा माल स्वच्छ कागदावर पसरून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले बाजूला सारावेत, आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हेच करत राहावे. दळताना भांडे तापू नये म्हणून थांबून थांबून दळावे. वाळलेले दळ चिवट असते. बारीक पूड आधी चाळणीखाली पडते आणि जाळीवर तंतुमय, फिकट चुरा उरतो. तो फेकून देण्याचा मोह होतो, पण तोही नमुन्याचाच भाग आहे, त्यामुळे तो पुन्हा दळून सगळाच्या सगळा ४० नंबरच्या, म्हणजे सुमारे ४२५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे.

याच चूर्णाचा एक भाग त्याच दिवशी १०५ अंश सेल्सिअसला स्थिर वजन येईपर्यंत वाळवून आर्द्रता काढावी. तो भाग अर्कासाठी वापरू नये.

३. स्टँडर्ड तोलण्याआधी लेबल वाचा

गॅलिक आम्ल निर्जल रूपातही मिळते आणि मोनोहायड्रेट रूपातही. निर्जल रूपाचे रेणुभार १७०.१२ आणि मोनोहायड्रेटचे १८८.१४ आहे. मोनोहायड्रेट तोलून ते निर्जल समजले तर प्रत्यक्ष प्रमाण ०.९०४ पट असते, आणि सगळे नमुने सुमारे १० टक्क्यांनी फुगलेले दिसतात. ही चूक आलेखात दिसत नाही, कारण रेषा तरीही सरळच येते. प्रमाणपत्रावरील शुद्धतेचा आकडाही वजनात गुणून घ्यावा, आणि शुद्धता जशीच्या तशी सांगितली आहे की कोरड्या वजनावर, तेही पाहावे.

२५ मिलिग्रॅम स्टँडर्ड २५ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये विरघळवून साठ्याचे द्रावण करावे. ५ किंवा १० मिलिग्रॅम तोलण्यात बचत दिसते, पण त्या वजनाला तराजूची चूक टक्क्यांत मोठी होते. गॅलिक आम्ल अल्कधर्मी द्रावणात झपाट्याने ऑक्सिडीभूत होऊन हिरवट-तपकिरी होते, म्हणून नीट न धुतलेल्या, डिटर्जंटचा अंश राहिलेल्या फ्लास्कपासून सावध राहावे. साठ्याचे द्रावण थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे, आणि रंग जरा जरी बदलला तरी टाकून द्यावे.

एलॅजिक आम्लही (हिरड्यातील आणखी एक घटक) मोजायचे असेल तर ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि मेथॅनॉलमध्येही कष्टाने विरघळते. ते आधी थोड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून मग मेथॅनॉलने पातळ करावे. तळाशी धुरकट कण तरंगताना दिसले तर ते द्रावण वापरू नये.

४. अर्क काढा

मुक्त गॅलिक आम्लासाठी मी सुचवेन ती रीत अशी. ०.५ ग्रॅम चूर्ण अचूक तोलून सेंट्रिफ्यूजच्या नळीत घ्यावे, त्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल घातलेले ७० टक्के मेथॅनॉल १५ मिलिलिटर टाकावे, १५ मिनिटे सॉनिकेट करावे, सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ओतावे आणि राहिलेल्या चोथ्यावर हेच आणखी दोन वेळा करून शेवटी फ्लास्क खुणेपर्यंत भरावा. सॉनिकेटरचे पाणी चालता चालता तापते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्यात बर्फाचे तुकडे टाकावेत आणि थर्मामीटर बुडवून ठेवावा. गरम मेथॅनॉल तर आणखी एक खोडी करते: टॅनिनांतील गॅलॉइल (गॅलिक आम्लाचे) बंध तोडून मिथाइल गॅलेट तयार करते, आणि मग फळात नसलेले पीक क्रोमॅटोग्रामवर उगवते.

तीन वेळा पुरेसे आहे का, हे गृहीत धरू नये. पहिल्या नमुन्याच्या वेळी चौथा अर्क वेगळा काढून तो स्वतंत्र इंजेक्ट करावा. त्यात एकूण प्रमाणाच्या एक-दोन टक्क्यांहून कमी गॅलिक आम्ल निघाले तर तीन पुरेत.

टॅनिने पूर्णपणे बाहेर काढायची असतील तर ७० टक्के अ‍ॅसिटोन अधिक चांगले काम करते. पण अ‍ॅसिटोन सुमारे ३३० नॅनोमीटरखालील अतिनील प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ते ४० अंशांच्या आत निर्वात बाष्पीभवनाने काढून टाकल्याशिवाय इंजेक्ट करता येत नाही.

एकूण गॅलिक आम्लासाठी अर्क सौम्य खनिज आम्लासोबत काही तास उकळावा लागतो. किती तास, हे पुस्तकातून उचलू नये. दर तासाला थोडा भाग काढून मोजावा, आणि आकडा चढायचा थांबला की तीच वेळ आपल्या नमुन्यासाठी धरावी.

५. गाळा आणि पातळ करा

येथे एक साधी गोष्ट पुष्कळांना छळते. नायलॉनचे सिरिंज फिल्टर पॉलिफेनॉल (टॅनिने ज्या गटात मोडतात ती द्रव्ये) धरून ठेवतात. अर्क गडद पिवळा जातो, थेंब फिकट पडतात, आणि पांढरी चकती पिवळी झालेली दिसते. तो पिवळेपणा म्हणजे वाटेतच राहिलेली टॅनिने. जलस्नेही पीटीएफई किंवा पीव्हीडीएफचा ०.४५ किंवा ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर घ्यावा, पहिले एक-दोन मिलिलिटर टाकून द्यावे, आणि पद्धत बसवताना गाळलेला व फक्त सेंट्रिफ्यूज केलेला असे दोन्ही अर्क इंजेक्ट करून क्षेत्रफळे ताडून पाहावीत.

गाळलेला अर्क मोबाइल फेजच्या (कॉलममधून सतत वाहणाऱ्या द्रावकाच्या) सुरुवातीच्या मिश्रणाने दहापट पातळ करावा. हे केवळ प्रमाण आवाक्यात आणण्यासाठी नाही. गॅलिक आम्ल लवकर बाहेर पडते, आणि ७० टक्के मेथॅनॉलमधला नमुना ५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलच्या प्रवाहात सोडला तर त्यातला काही भाग मेथॅनॉलसोबत पुढे पळतो. अशा वेळी पीकचे टोक दुभंगते किंवा त्याला पुढच्या बाजूने खांदा फुटतो, तर त्याच क्रोमॅटोग्रामवरील उशिराचे पीक अगदी सुबक असतात. हे दृश्य दिसले की लोक कॉलम बदलायला धावतात. कॉलमला हात लावण्यापूर्वी नमुना पाण्याने पातळ करून किंवा इंजेक्शन २० ऐवजी ५ मायक्रोलिटरचे करून पाहावे.

६. कॉलम आणि मोबाइल फेज

गॅलिक आम्लाच्या कार्बोक्सिल (आम्लधर्मी) गटाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित होतात तो आकडा, ४.४ च्या आसपास आहे. मोबाइल फेजचा पीएच त्याच्या बराच खाली असला तरच रेणू प्रभाररहित राहतो आणि सी-१८ वर नीट धरला जातो. ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचा पीएच २.७ च्या जवळपास असतो, ०.१ टक्का फॉस्फोरिक आम्लाचा त्याहूनही कमी. नेहमीचे सिलिकाचे कॉलम साधारण २ ते ८ पीएचमध्ये चालतात, त्यामुळे दोन्ही आम्ले चालतील. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचा असेल तर मात्र फॉर्मिकच घ्यावे, कारण फॉस्फोरिक आम्ल बाष्पनशील नाही.

सुरुवातीसाठी पुढील कार्यक्रम वापरून पाहावा. अ म्हणजे ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचे पाणी, ब म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल. ब ५ टक्क्यांवर ५ मिनिटे, मग ३० व्या मिनिटापर्यंत ३० टक्के, ३५ व्या मिनिटापर्यंत ९० टक्के, तेथे ५ मिनिटे, आणि पुन्हा ५ टक्क्यांवर येऊन १५ मिनिटे स्थिरावू द्यावे. प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर, कॉलम ३० अंशांवर, इंजेक्शन १० मायक्रोलिटर. गॅलिक आम्लासाठी २७२ नॅनोमीटर, एलॅजिक आम्लासाठी २५४ नॅनोमीटर. शेवटचा ९० टक्क्यांचा टप्पा वेळ वाचवण्यासाठी वगळू नये. चिकटून राहिलेली टॅनिने त्यातच निघून जातात, नाही तर ती पुढच्या क्रोमॅटोग्रामवर रुंद टेकाडासारखी उगवतात. साध्या सी-१८ कॉलमवर ब शून्य टक्क्यावर नेऊ नये, कारण निव्वळ पाण्यात त्याचे साखळीदार आवरण भिजलेले राहत नाही आणि रिटेन्शन टाइम (पीक बाहेर पडायला लागणारा वेळ) ढासळतो.

या आकाराच्या कॉलमचा मृतकाळ (अजिबात न धरला गेलेला पदार्थ बाहेर पडायला लागणारा वेळ) सुमारे अडीच मिनिटे असतो. तुमचे पीक त्याला खेटून येत असेल तर ते धरलेच गेलेले नाही. त्या जागी साखर, क्षार आणि इतर सारे काही येत असते, म्हणून त्यावर मोजमाप करू नये.

७. नमुन्याआधी यंत्राची परीक्षा घ्या

आधी ब्लँक (नमुना नसलेले नुसते द्रावक), मग एकाच स्टँडर्डची सहा इंजेक्शने. क्षेत्रफळांचे सापेक्ष प्रमाण विचलन २ टक्क्यांच्या आत, पीकची शेपटी मोजणारा टेलिंग फॅक्टर २ च्या आत, आणि शेजारच्या पीकपासूनचे रेझोल्यूशन (दोन पीक किती वेगळे झाले याचे माप) किमान १.५ असावे. पंपाचा दाब वर-खाली डोलत असेल तर पंपात हवा शिरली आहे. मोबाइल फेज पुन्हा डीगॅस करून (त्यातील विरघळलेली हवा काढून) पंप पर्ज करावा, म्हणजे त्यातली हवा बाहेर काढावी, आणि मगच पुढे जावे.

आलेखासाठी ५, १०, २०, ४०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी द्रावणे करावीत. ती साठ्यातून स्वतंत्रपणे करावीत. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे केल्यास पहिली चूक सगळीकडे पसरते. सहसंबंधाचा वर्ग ०.९९९ आला म्हणून समाधान मानू नये, तर प्रत्येक बिंदू रेषेपासून किती टक्के दूर आहे ते पाहावे. खालच्या टोकाचा बिंदू १५ टक्के हुकला तरी वर्ग सुंदरच दिसतो. शोधमर्यादा ३.३σ/S आणि मापनमर्यादा १०σ/S या सूत्रांनी काढतात. येथे σ हे प्रतिसादाचे प्रमाण विचलन आणि S हा रेषेचा उतार.

८. पीक ओळखा

रिटेन्शन टाइम जुळला एवढ्यावर नाव लिहून मोकळे होऊ नये. डायोड-अ‍ॅरेचा वर्णपटही येथे अर्धीच साथ देतो, कारण गॅलॉइल गट असलेली पुष्कळ टॅनिने २७० ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातच शोषण करतात आणि त्यांचे वर्णपट एकमेकांसारखे दिसतात. अर्कात थोडे स्टँडर्ड मिसळून पुन्हा इंजेक्ट करावे. तेच पीक रुंदी न बदलता उंच झाले तर ठीक. बाजूला खांदा आला तर ते दोन वेगळे पदार्थ आहेत. मास स्पेक्ट्रोमीटर मिळत असेल तर ऋण आयन पद्धतीत गॅलिक आम्ल १६९ या वस्तुमान-प्रभार गुणोत्तराला (m/z) आणि त्याचा तुकडा १२५ ला दिसतो.

लांबलचक रांग लावली असेल तर पहिला नमुना शेवटी पुन्हा इंजेक्ट करावा. चेब्युलिनिक आम्ल घटून गॅलिक आम्ल वाढलेले दिसले, तर टॅनिने व्हायलमध्येच (नमुन्याच्या छोट्या बाटलीतच) फुटत आहेत. ऑटोसॅम्पलर (बाटल्यांतून आपोआप नमुना उचलणारा भाग) ४ अंशांवर ठेवावा आणि रांग लहान करावी. दर पाच-सहा नमुन्यांनंतर एक स्टँडर्ड घालावे, म्हणजे वाटेत काही ढळले तर कोठून ढळले ते कळते.

९. आकडेमोड आणि रिकव्हरी

समजा, आलेखावरून पातळ केलेल्या अर्काचे प्रमाण २४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. दहापट पातळ केले होते आणि मूळ अर्क ५० मिलिलिटर होता, म्हणून एकूण २४ × १० × ५० = १२,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅम. ते ०.५ ग्रॅम चूर्णातून आले, म्हणजे ग्रॅमला २४ मिलिग्रॅम, २.४ टक्के. चूर्णात ८ टक्के आर्द्रता असेल तर कोरड्या वजनावर २.४ ÷ ०.९२ = २.६१ टक्के. (हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत.) नवख्यांचा घोटाळा बहुधा दहाच्या पटीत होतो: पातळ केल्याचा गुणक विसरला जातो किंवा दोनदा लावला जातो.

रिकव्हरीसाठी चूर्णात अपेक्षित प्रमाणाच्या ५०, १०० आणि १५० टक्के स्टँडर्ड अर्क काढण्यापूर्वी मिसळावे, प्रत्येकाची तीन-तीन प्रत करावी आणि किती परत मिळते ते पाहावे. १०५ टक्क्यांहून अधिक मिळत राहिले तर आनंद मानू नये. टॅनिने फुटून नवे गॅलिक आम्ल तयार होत असण्याची शक्यता आधी तपासावी. स्टँडर्ड न मिसळलेले चूर्ण त्याच वेळी, त्याच तापमानाला चालवले असेल तरच ही तपासणी करता येते.

१०. अहवाल लिहा, कॉलम धुवा

अहवालात केवळ टक्का देऊ नये. फळाची अवस्था, आठळी काढली होती की नाही, अर्काचे द्रावक, तापमान आणि वेळ, मुक्त की एकूण, कोरड्या वजनावर की जसेच्या तसे, स्टँडर्डचे रूप आणि शुद्धता, किती वेगवेगळ्या तोलण्यांची सरासरी, आणि तिच्यासोबत प्रमाण विचलन, एवढे सगळे हवे. एकाच व्हायलची तीन इंजेक्शने म्हणजे तीन नमुने नव्हेत. चूर्ण तीनदा तोलून तीनदा अर्क काढला तरच त्यांना तीन म्हणावे.

दिवस संपताना मोबाइल फेजमध्ये फॉस्फेट बफर वापरले असेल तर थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडू नये, कारण क्षार कॉलममध्येच खाली बसतात. आधी ९० टक्के पाणी आणि १० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने अर्धा तास धुवावे, मग हळूहळू सेंद्रिय द्रावक वाढवत ८० टक्क्यांपर्यंत न्यावे आणि त्यातच कॉलम बंद करून ठेवावा. गार्ड कॉलमचे टोक तपकिरी झाले असेल किंवा त्याच प्रवाहाला दाब रोजच्यापेक्षा चढा दिसत असेल, तर दुसऱ्या दिवशीची पहिली व्हायल लावण्यापूर्वी गार्डचे कार्ट्रिज बदलून घ्यावे.